नगरची कृपाबाई आणि कॉलेजात गेलेल्या पहिल्या ख्रिस्ती मुली

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या एखाद्या तरुणाने वाट बदलली असे कोणी म्हटले, की ऐकणारा एकच गोष्ट समजत असे: त्याने धर्म बदलला. १८३९ साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा पारशी समाजात केवढा गहजब झाला. प्रकरण कोर्टात गेले आणि शाळेचे वर्ग ओस पडले. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत वयाने लहान म्हणून त्याला आईबापांच्या हवाली करण्यात आले, आणि मग त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावरून ब्राह्मणांत तट पडले. बाळशास्त्री जांभेकर श्रीपतच्या बाजूने उभे राहिले. बेळगावचे बाबा पदमनजी १८५४ साली ख्रिस्ती झाले आणि तीनच वर्षांनी त्यांनी ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी लिहिली. या साऱ्यांची कहाणी घर सुटण्याची, वारसा गमावण्याची आणि नवा समाज शोधण्याची आहे.

त्यांच्या मुलांपुढचा प्रश्न निराळा होता. ही मुले ख्रिस्ती घरातच जन्मली. प्रार्थना, बायबल आणि इंग्रजी पुस्तके त्यांना घरातच मिळाली. धर्माचा निर्णय आईबापांनी आधीच घेऊन टाकला होता आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजली होती. मुलांच्या वाट्याला उरला तो कामाचा प्रश्न: शिकून करायचे काय? मुलींच्या बाबतीत तो फारच अवघड होता. हिंदू घरातल्या मुलीचे आयुष्य तिच्या आठव्या-दहाव्या वर्षी लग्नाने ठरून जात असे. ख्रिस्ती मुलीला सोळाव्या-सतराव्या वर्षापर्यंत शिकायची मोकळीक होती, पण शिकलेल्या मुलीने पुढे काय व्हावे याचा नमुना तिच्यासमोर नव्हता. या पिढीतली वाट चुकण्याची, वळण्याची आणि नवी वाट पाडण्याची सर्वांत बोलकी हकीकत अहमदनगरच्या कृपाबाई खिस्ती यांची आहे.

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे अमेरिकन मराठी मिशनचे मोठे ठाणे होते. या मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये त्यांनी नगरला बस्तान बसवले. १८४२ साली तिथेच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. सिंथिया फॅरार या अविवाहित अमेरिकन बाईंच्या मुलींच्या शाळा नगरला चालत. त्या पाहूनच जोतीराव फुल्यांच्या मनात पुण्यात मुलींची शाळा काढण्याचा विचार पक्का झाला. मुलींना शिकवणे ही गोष्ट नगरच्या ख्रिस्ती वस्तीत म्हणूनच फारशी नवलाची राहिली नव्हती. मिशनच्या आरंभीच्या ब्राह्मण ख्रिस्ती कुटुंबांपैकी एक हरिपंत रामचंद्र खिस्ती आणि त्यांच्या पत्नी राधाबाई यांचे. त्यांच्या चौदा मुलांपैकी कृपाबाई तेरावी. जन्म १८६२ चा.

हरिपंत कृपाबाईंच्या लहानपणीच वारले. घर आईने आणि थोरला भाऊ भास्कर याने सांभाळले. राधाबाईंचा स्वभाव जुन्या वळणाचा. नवऱ्यामागून धर्म बदलला तरी स्वयंपाकघराची शिस्त आणि मुलींना घरकामात तरबेज करण्याचा आग्रह त्यांनी सोडला नव्हता. भास्करने मात्र या धाकट्या बहिणीच्या बुद्धीची कदर केली. तो तिला पुस्तके आणून देई, तिच्याबरोबर वाचे, डोंगरात फिरायला नेई आणि मोठ्या माणसाशी बोलावे तसे तिच्याशी बोले. बहीण-भावाच्या या नात्याने कृपाबाईंना घडवले असे म्हणायला हरकत नाही. पुढे लिहिलेल्या कादंबरीत त्यांनी या भावाचे जे चित्र रेखाटले आहे, त्यात माया आहेच, पण त्याहून अधिक ऋण आहे. भास्कर तरुणपणीच गेला आणि कृपाबाईंचे मन खचले.

दुःखातून सावरण्यासाठी त्यांना काही काळ दोन युरोपियन मिशनरी बायकांच्या घरी ठेवण्यात आले. तिथे त्यांना दोन गोष्टी एकदमच कळल्या. गोऱ्या बायकांचे स्वतंत्र, नीटनेटके, कामात गढलेले जीवन त्यांना भावले. त्याच घरात ‘नेटिव्ह ख्रिस्ती’ म्हणून आपल्याकडे कसे पाहिले जाते हेही त्यांच्या ध्यानात आले. धर्म एक असला तरी बरोबरी नव्हती. नगरच्या ख्रिस्ती मुलीला ही जाणीव धर्मशास्त्राच्या पुस्तकातून झाली नाही, ती चारचौघांतल्या वागण्यातून झाली. पुढे त्या मुंबईच्या मिशन बोर्डिंग शाळेत गेल्या. तिथे शिकवणाऱ्या एका अमेरिकन डॉक्टर बाईंमुळे त्यांनी डॉक्टर व्हायचे मनात घेतले.

वैद्यकच का, याला सबळ कारण होते. घरंदाज बायका परपुरुषासमोर येत नसत. आजारी पडल्या, बाळंतपणात अडल्या, तरी पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा पाहू दिली जात नसे. क्लारा स्वेन ही अमेरिकन मिशनरी डॉक्टर १८७० मध्ये बरेलीला आली, ती याच गरजेपोटी. बाईने बाईवर उपचार करावेत याला सनातन्यांचाही फारसा विरोध नव्हता, कारण त्यात पडदा मोडत नव्हता. शिकलेल्या स्त्रीने घराबाहेर करायचे पहिले प्रतिष्ठित काम म्हणून वैद्यकाचा मान मिळाला तो असा. ख्रिस्ती मुलीला त्यात सेवेचा अर्थही सापडे. मिशन, सरकार आणि समाज या तिघांनाही चालणारी दुसरी वाट त्या वेळी नव्हती.

शिकायचे कुठे, हा मात्र खरा अडसर होता. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मुलींना प्रवेश मिळू लागला तो १८८३ साली. कलकत्त्याचे मेडिकल कॉलेजही तोवर बंद होते. मद्रासने मात्र आघाडी घेतली होती. सर्जन-जनरल एडवर्ड बाल्फर यांच्या पाठिंब्यामुळे मद्रास मेडिकल कॉलेजाने १८७५ साली चार स्त्रियांना घेतले. त्यांत मेरी शार्लीब या बॅरिस्टरच्या पत्नी होत्या. कृपाबाईंना आधी इंग्लंडला जाण्यासाठी शिष्यवृत्ती देऊ करण्यात आली होती. पण प्रकृती नाजूक, तिथली हवा मानवणार नाही, असे ठरले आणि १८७८ मध्ये त्या मद्रासला गेल्या. मुंबई आणि मद्रासकडचे लोहमार्ग १८७१ साली रायचूरला जोडले गेले नसते, तर सोळा वर्षांच्या या मराठी मुलीला तिकडे पाठवायला घरचे तयार झाले असते की नाही याची शंकाच आहे.

मद्रासला त्यांची सोय रेव्हरंड डब्ल्यू. टी. सत्यनाथन यांच्या घरी झाली. सत्यनाथन हे चिंताद्रिपेटच्या चर्चचे पाद्री, आणि त्यांच्या पत्नी अॅना मुलींच्या शाळा चालवीत. अॅनाबाईंनी मुलांच्या संगोपनावर तमिळमध्ये पुस्तकही लिहिले होते. परभाषेतल्या या घरात कृपाबाईंना आईची माया मिळाली आणि सुशिक्षित भारतीय ख्रिस्ती कुटुंब कसे चालते हे पाहायलाही मिळाले. नगरला त्यांनी पाहिलेले घर पहिल्या पिढीचे होते. तिथे धर्मांतराची जखम ताजी होती. सत्यनाथनांच्या घरात ख्रिस्ती असणे ही रोजच्या जगण्याची सहज गोष्ट होऊन गेली होती.

कॉलेजात त्या पहिल्या वर्षी चमकल्या. शरीर मात्र साथ देईना. वर्ष संपता संपता प्रकृती पार ढासळली आणि डॉक्टरांनी अभ्यास सोडायला सांगितले. १८७९ मध्ये त्या पुण्याला बहिणीकडे विश्रांतीसाठी आल्या. वैद्यकाचा प्रश्न तिथेच संपला. ज्या शिक्षणासाठी घर, गाव आणि भाषा सोडली ते एका वर्षात हातचे गेले, हा आघात साधा नव्हे. पुण्यातल्या मुक्कामात त्या थोड्या सावरल्या आणि पुन्हा मद्रासला गेल्या. या वेळी कॉलेज नव्हते. १८८१ मध्ये सत्यनाथनांचा मुलगा सॅम्युअल केंब्रिजहून परतला आणि त्याचे कृपाबाईंशी लग्न झाले.

इथे एखाद्या सर्वसाधारण चरित्रकाराने कथा संपवली असती: शिक्षण अर्धवट राहिले, लग्न झाले. कृपाबाईंची खरी घडण मात्र यानंतरची आहे. सॅम्युअल उटकमंडच्या ब्रीक्स मेमोरियल शाळेचे मुख्याध्यापक झाले. तिथे कृपाबाईंनी चर्च मिशनरी सोसायटीच्या मदतीने मुसलमान मुलींसाठी शाळा काढली. नीलगिरीतल्या तोडा लोकांच्या वस्तीला त्यांनी भेट दिली आणि त्यावर लेख लिहिला. तो ‘एक भारतीय स्त्री’ अशा टोपणनावाने छापून आला. मग लिहिणे थांबले नाही. स्त्रीशिक्षण, घरातल्या स्त्रीचे स्थान, लहान वयातील लग्ने या विषयांवर त्यांनी नियतकालिकांतून लेख लिहिले. डॉक्टर होऊन ज्या घरांत पाऊल टाकायचे होते, त्याच घरांकडे त्या आता लेखणीने वळल्या. हे वळण त्यांनी मुद्दाम आखलेले नव्हते. आजाराने एक दार लावले, तेव्हा हाताशी जे होते त्याने त्यांनी काम सुरू केले.

१८८७-८८ च्या सुमारास ‘मद्रास ख्रिश्चन कॉलेज मॅगझिन’मध्ये त्यांची ‘सगुणा’ क्रमशः येऊ लागली. भारतीय स्त्रीने इंग्रजीत लिहिलेली ही पहिली आत्मचरित्रात्मक कादंबरी मानली जाते. सगुणा म्हणजे बऱ्याच अंशी कृपाबाईच. धर्मांतरापूर्वीचे राधाचे सासर, हरिपंतांचा आतला झगडा, भास्करची शिकवणी, मिशनरी बायकांचे घर, मुंबईची शाळा, मद्रासचे कॉलेज, सारे त्यात आहे. कादंबरी म्हणून तिच्यात दोष आहेत. घटना विस्कळीत आहेत आणि उपदेश मधूनच डोके वर काढतो. पण आई आणि मुलगी या दोन पिढ्या तिने जशा समोरासमोर ठेवल्या आहेत, तशा त्या काळच्या फार थोड्या पुस्तकांत आढळतात. आई नवऱ्यामागून श्रद्धा बदलते, आणि मुलगी त्याच श्रद्धेच्या आत स्वतःची बुद्धी आणि काम शोधते. आईची उलघाल धर्माची होती, मुलीची ती दिशेची आहे. मिशनरींच्या अहंकारावरही कृपाबाई स्पष्ट लिहितात, आणि ते एका ख्रिस्ती कॉलेजच्या मासिकातून छापून आले, ही त्या मासिकाच्या संपादकांच्याही श्रेयाची गोष्ट आहे.

त्यांची दुसरी कादंबरी ‘कमला’ हिंदू घरातली. नाशिकच्या आसपासचा गोदाकाठ, सासुरवास आणि वैधव्य हे तिचे विश्व. विधवा झालेल्या कमलेला पुन्हा लग्नाची संधी येते आणि ती नाकारते. सुधारकांच्या कादंबरीत असा शेवट अपेक्षित नव्हता. कृपाबाईंना आपल्या नायिकेच्या मनातला धर्म तिच्या तर्काइतकाच खरा वाटला, म्हणूनच हा शेवट त्यांनी केला असावा. या काळात त्यांचे एकुलते मूल तान्हेपणीच दगावले आणि स्वतःची प्रकृतीही पुरती खालावली. आजारपणातच ‘कमला’ पुरी झाली. १८९४ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, कृपाबाई गेल्या. ‘सगुणा’ पुस्तकरूपाने १८९५ साली त्यांच्या मागे निघाली.

शरीराने दगा दिल्यामुळे वैद्यकाची वाट सोडावी लागलेल्या त्या एकट्या नव्हत्या. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या त्याही वैद्यक शिकण्यासाठीच. त्यांना ऐकू कमी येत असे, आणि ते वाढत गेले. डॉक्टरकी शक्य नाही हे उमगल्यावर त्या १८८४ मध्ये चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तिथे त्या इंग्रजी आणि गणित शिकल्या व संस्कृत शिकवू लागल्या. तोवर त्या ख्रिस्ती झाल्या होत्या. श्रद्धा आणि काम, दोन्हींचा निर्णय त्यांना एकाच वेळी करावा लागला, आणि दोन्हींत त्यांनी कोणाचेही ऐकून घेतले नाही. वाँटेजच्या मठातल्या भगिनींशी आणि चेल्टनहॅम कॉलेजच्या प्रमुख बाईंशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार पाहिला की धर्म स्वीकारूनही मत गहाण न टाकणारी विद्यार्थिनी कशी असते ते दिसते. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या खऱ्या, पण १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यातच त्यांचे निधन झाले आणि एक दिवसही त्यांना दवाखाना चालवता आला नाही.

कॉर्नेलिया सोराबजी यांची वाट वैद्यकाकडे गेलीच नाही, आणि म्हणून त्यांची गोष्ट वेगळी वाचावी लागते. त्यांचा जन्म १८६६ चा, नाशिकचा. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी धर्म सोडून ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल काढले. तिथे युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान अशी सर्व मुले एकत्र शिकत. कॉर्नेलियांचे लहानपण आधी बेळगावात आणि मग पुण्यात गेले. त्यांनी पुढे सांगितले आहे की लहानपणी एक श्रीमंत पडदानशीन विधवा आईकडे गाऱ्हाणे घेऊन आली होती. तिच्या कारभाऱ्याने तिची मालमत्ता फसवून लाटली होती. अशा बायकांना मदत करायची तर कायदा शिकायला हवा, हे बीज तिथेच पडले.

त्या येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात गेल्या तेव्हा तिथे दुसरी मुलगी नव्हती. त्याच १८८४ च्या वर्षी पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा सुरू झाली, यावरून कॉलेजातल्या मुलीचे नावीन्य लक्षात यावे. त्या वर्गाकडे आल्या की मुलगे दारे लावून घेत. परीक्षेत मात्र त्या पहिल्या वर्गात आल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर ठरल्या. अशा निकालावर इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. स्त्री असल्यामुळे ती त्यांना नाकारली गेली. मग त्या अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात मुलांना इंग्रजी साहित्य शिकवू लागल्या. दार लावून घेणाऱ्या मुलांच्या वयाच्याच विद्यार्थ्यांपुढे त्या आता व्यासपीठावर उभ्या होत्या.

इंग्लंडमध्ये लेडी हॉबहाउस यांनी ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून पैसे उभे केले. देणगीदारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि सर विल्यम वेडरबर्न होते. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सोमरव्हिलमध्ये दाखल झाल्या. बेलिअल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट यांच्या पाठबळावर त्या कायद्याकडे वळल्या. १८९२ साली खास ठराव करून त्यांना बी.सी.एल.च्या परीक्षेला बसू देण्यात आले. ती परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. वर्ग तिसरा मिळाला, आणि पदवी मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवीच देत नव्हते.

परत आल्यावर त्यांनी गुजरात-काठेवाडातील संस्थानांत पडदानशीन बायकांची कामे घेतली. मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. आणि अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षाही त्या उत्तीर्ण झाल्या. तरी सनद मिळेना. फौजदारी कायद्यात एक फट होती: कोर्टाच्या परवानगीने आरोपीच्या वतीने वकील नसलेली व्यक्तीही उभी राहू शके. त्या आधारावर पतीच्या खुनाचा आरोप असलेल्या एका बाईची बाजू त्यांनी पुण्याच्या कोर्टात मांडली. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सने त्यांना नेमले, आणि पुढली जवळजवळ अठरा वर्षे त्यांनी बंगाल, बिहार, ओरिसा आणि आसामातल्या जमीनदार घराण्यांतील विधवा आणि पोरक्या मुलांची कामे पाहिली. पालखी, होडी आणि रेल्वे असा प्रवास करून ही बाई पडद्याआड जाई, कागद वाची आणि वारशाचे हक्क समजावून सांगे. १९२१ साली अलाहाबाद हायकोर्टाने त्यांना सनद दिली आणि १९२३ च्या कायद्याने देशभर स्त्रियांना वकिली खुली झाली. ऑक्सफर्डची पदवी त्यांना १९२२ मध्ये मिळाली, परीक्षा दिल्यानंतर तीस वर्षांनी.

कॉर्नेलियांचे राजकारण मात्र काळाबरोबर पुढे सरकले नाही. राष्ट्रीय चळवळीला त्यांचा विरोध होता आणि भारतीय समाजावर कडवी टीका करणाऱ्या कॅथरीन मेयो हिच्या ‘मदर इंडिया’ या पुस्तकाची त्यांनी बाजू घेतली. महाराष्ट्राच्या स्त्री-इतिहासात त्यांचे नाव उशिरा घेतले जाऊ लागले, त्याचे एक कारण हेही असावे. त्यांचे मत पटले नाही तरी कामाचा हिशेब वेगळा ठेवायला हवा. त्यांच्या बहिणींपैकी सुसी यांनी पुण्यात सेंट हेलेनाज शाळा काढली आणि अॅलिस डॉक्टर होऊन सरहद्दीवरच्या बन्नू गावी गेल्या. एकाच ख्रिस्ती घरातून शाळा, दवाखाना आणि कोर्ट अशी तीन दिशांना मुली गेल्या, हे त्या पिढीचे वैशिष्ट्य आहे.

कॉर्नेलियांना मूर्ती, पुस्तके आणि चरित्रे मिळाली. रमाबाईंचे नाव शाळेतल्या पुस्तकांत आहे. कृपाबाईंची स्मृती मद्रास विद्यापीठाने स्त्री-विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या पदकात आहे आणि इंग्रजी साहित्याचे अभ्यासक त्यांना वाचतात. मराठी वाचकाला मात्र ‘सगुणा’ आपल्या नगरच्या घरातून निघालेले पुस्तक आहे हे फारसे माहीत नाही. त्यातली माणसे, स्वयंपाकघर, सण आणि डोंगर सारे दख्खनचे आहेत, भाषा तेवढी इंग्रजी. मराठी ख्रिस्ती साहित्याचा इतिहास ‘यमुनापर्यटन’पासून सुरू करणाऱ्यांनी त्यापुढचे पान कृपाबाईंना द्यायला हवे.